दामदुप्पट आणि नरक

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. संध्याकाळची वेळ. आमचे गार्डसाहेब आले, छत्री ओसरीच्या भिंतीला टेकवून ठेवली, पाणी प्याले आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग एकदम म्हणाले, "साहेब, तुमच्या बँकेत असं कर्ज असतं का हो, की माणूस मेला तरी संपत नाही आणि फेडतो म्हटलं तरी फेडू देत नाहीत?"

मी जन्मभर बँकेत काढलेला माणूस. प्रश्न कर्जाचा म्हटल्यावर तोंडातून उत्तर आपोआप बाहेर पडलं. कर्जदार गेला तर वारसांनी मिळकत घेतली असेल तेवढ्यापुरतं त्यांच्याकडून, नाहीतर जामीनदाराकडून, तारण असेल तर तारणातून, तडजोड होते, काहीच नाही जमलं तर कधी ना कधी खातं राईट ऑफ होतं. राईट ऑफ म्हणजे माफी नव्हे, हेही सवयीनं सांगून टाकलं.

"म्हणजे शेवट असतो," ते म्हणाले.

"असतो."

"मग देवाकडंच का नसतो?"

गार्डसाहेबांचं नाव मी इथं देत नाही. नांदगावसारख्या गावात त्याची गरजही नाही. मनमाडला रेल्वेत गार्ड होते, निवृत्त झाले आणि इथं घर बांधून राहिले. रेल्वेनं २०२२ साली 'गार्ड' हे पद पुसून 'ट्रेन मॅनेजर' केलं, त्यावर ते अजून रुसलेले आहेत. चार पिढ्यांपासून ख्रिस्ती. रेव्हरंड नारायण वामन टिळकांची कविता त्यांना तोंडपाठ, आणि टिळकांना आगगाडीत एका गोऱ्या प्रवाशानं बायबलचा नवा करार दिला ती गोष्टही. टिळक तेव्हा नागपूरहून राजनांदगावला चालले होते, हे मी त्यांना दहादा सांगितलंय. त्यावर ते हसून म्हणतात, "नांदगाव ते नांदगाव. गाडी तर होती ना!"

या माणसाच्या धाकट्या मुलानं २०११ साली स्वतःचं आयुष्य संपवलं. टेम्पो घेतला होता, त्याच्यासाठी कर्ज, कर्जाला घर तारण. टेम्पोला अपघात झाला, हप्ते थकले, नव्वद दिवस उलटले, खातं एनपीएत गेलं आणि तेरा-दोनची नोटीस निघाली. साठ दिवसांत रक्कम भरा, नाहीतर घराचा ताबा घेऊ, अशी ती नोटीस असते. ज्या शाखेतून ती गेली तिथं मी तेव्हा मॅनेजर होतो. नोटिशीवर सही माझी नव्हती, वरच्या कार्यालयातल्या अधिकृत अधिकाऱ्याची होती. पण प्रस्ताव माझा होता. नोटीस कायद्याला धरून होती, एक शब्द चुकीचा नव्हता. पुढं गार्डसाहेबांनी फंडातले पैसे काढून तडजोडीनं खातं मिटवलं. 'नो ड्यूज'चा कागद त्यांना मीच दिला. त्यानंतरही हा माणूस माझ्या ओसरीवर येतो, याचं मला अजून पुरतं आकलन झालेलं नाही.

त्या वेळच्या पाळकांनी मुलाचं दफन व्यवस्थित केलं, कुणी आडकाठी घेतली नाही. खोट आली ती चौदा-पंधरा वर्षांनी. कुठल्याशा सभेला आलेले एक पाहुणे उपदेशक दोन दिवस इथं राहिले, गार्डसाहेबांच्या घरी जेवले, भिंतीवरच्या फोटोची चौकशी केली आणि हात धुता धुता सांगून गेले की, ज्यानं स्वतःचा जीव घेतला त्याला पश्चात्तापाला वेळच उरला नाही. त्याच्यासाठी दार बंद. अग्नी न विझणारा आणि कीड न मरणारी. त्या दिवसापासून बाईंनी, म्हणजे गार्डसाहेबांच्या मंडळींनी, देवळात जाणं सोडलं. (आमच्याकडची जुनी ख्रिस्ती माणसं चर्चला देऊळच म्हणतात.) रागानं नव्हे. त्या म्हणाल्या, "पोरगा तिथं असेल तर मला स्वर्गात नाही जायचं. मी त्याच्याजवळ बसेन."

हे ऐकलं आणि मला महाभारताचं शेवटचं पर्व आठवलं. युधिष्ठिर सदेह स्वर्गात पोहोचतो तर तिथं दुर्योधन थाटात बसलेला, आणि भाऊ व द्रौपदी कुठं म्हणून विचारावं तर देवदूत त्याला नरकाच्या वाटेनं नेतो. दुर्गंधी, अंधार आणि ओळखीचे आवाज. तेव्हा तो देवदूताला परत पाठवतो आणि म्हणतो, मी इथंच राहतो. व्यासांनी त्याची ही परीक्षा होती असं ठरवून गोष्ट गोड केली आहे. बाईंना महाभारत वाचून हे सुचलेलं नाही. आणि ख्रिस्ती परंपरेत याच्या नेमकं उलट सांगणारे थोर पंडित होऊन गेले. स्वर्गातल्या पुण्यवंतांना नरकातल्यांच्या यातना दिसतील आणि त्यांच्या आनंदात त्यानं उणेपणा येणार नाही, असं थॉमस अ‍ॅक्वायनससारख्या माणसानं तेराव्या शतकात मांडून ठेवलंय. एवढा मोठा तत्त्वज्ञ, पण त्यानं एखाद्या आईला विचारलं नव्हतं एवढंच म्हणायचं.

मी हिंदू माणूस. दुसऱ्याच्या धर्मात नाक खुपसू नये, हे मला कळतं. पण प्रश्न मला विचारला होता, आणि त्या खात्यात माझाही हात होता. म्हणून त्या रात्रीपासून मी वाचायला बसलो.

आमच्या तालुक्यात नस्तनपूरला शनीचं मोठं ठाणं आहे. शनी अमावास्येला तिथं पाय ठेवायला जागा नसते. सगळे साडेसातीवाले. शनी छळतो, पण साडेसात वर्षं. घड्याळ लावून छळतो म्हणा ना. गरुडपुराणातले नरक ऐकून लहानपणी मला झोप येत नसे. तापलेलं तेल, काटेरी झाडं, पुवाची वैतरणी. भागवतात तर अठ्ठावीस नरक मोजून नावानिशी दिलेत. पण त्या सगळ्यांना मुदत आहे. भोग संपला की जीव बाहेर. आपल्याकडंही अपवाद आहे, तो लपवायला नको. मध्वाचार्यांनी तेराव्या शतकात असं मानलं की काही जीव कायमचे अंधतमसात जाण्यासाठीच आहेत. पण मराठी माणसाच्या अंगवळणी पडलाय तो मुदतीचा नरक. गंमत म्हणजे गोव्यातल्या ख्रिस्ती लोकांनी नरकाला शब्द घेतला तो आपल्या यमाकडूनच, 'येमकोंड'. शब्द यमाचा आणि मुदत रोमची, असं ते मिश्रण.

गार्डसाहेबांना मी दामदुप्पट समजावून सांगितली. धर्मशास्त्रातला हा जुना नियम मुंबई इलाख्यात इंग्रजांच्या कोर्टांनीही चालवला. एका वेळी वसूल करायचं व्याज मुदलाहून जास्त होता कामा नये. शंभर दिले तर व्याज फार तर शंभर. व्याज किती का वर्षं चढेना, सावकाराला कुठंतरी थांबावं लागे. मी म्हटलं, मनुष्याचं आयुष्य साठ-सत्तर वर्षांचं. त्यात पाप करून करून किती करेल? त्यावर दामदुप्पट लावली तरी आकडा निघतो. अनंताचा आकडा कुठल्या मुदलावर निघणार?

सांगून झाल्यावर माझ्याच लक्षात आलं, की दामदुप्पट मागायची तर मूळ कर्जदार हिंदू असावा लागे. ख्रिस्ती ऋणकोला तो हक्क नव्हता. हे मी त्यांना सांगितलं नाही.

अर्थात पंडितांनी याला उत्तर देऊन ठेवलंय. अकराव्या शतकाच्या अखेरीस अ‍ॅन्सेल्म म्हणाला, की पाप मोजायचं ते करणाऱ्याच्या आयुष्यावरून नव्हे, ज्याचा अपराध केला त्याच्या थोरवीवरून. देव अनंत, म्हणून ऋण अनंत. युक्तिवाद बिनतोड वाटतो. पण बँकेत मी एक पाहिलंय. थोर सावकाराचं लक्षण व्याजदर वाढवणं हे नसतं.

हाच प्रश्न आपल्या एका माणसानं पावणेदोनशे वर्षांपूर्वी विचारला होता, हे मला या निमित्तानं नीट कळलं. नीलकंठशास्त्री गोरे. कोकणस्थ ब्राह्मण, जन्म १८२५, झाशीकडचा, वाढले काशीत. जॉन म्यूर या कंपनीच्या अधिकाऱ्यानं संस्कृतातून ख्रिस्ती मताचा कैवार घेणारं 'मतपरीक्षा' लिहिलं. त्याला ज्या पंडितांनी संस्कृतातूनच उत्तरं दिली त्यात हा विशीतला मुलगा होता. त्याच्या 'शास्त्रतत्त्वविनिर्णया'त आक्षेपाचं मोठं ठिकाण हेच. पूर्वजन्म मानत नाही, मग जन्मतःच दुःख वाट्याला येतं ते कशाचं फळ? आणि एका आयुष्याच्या अपराधाला न संपणारा नरक, हा कुठला दयाळू देव?

पुढं १८४८ साली हेच गोरे ख्रिस्ती झाले आणि नेहेम्या गोरे म्हणून ओळखले जाऊ लागले. पंडिता रमाबाईंच्या मनाला ख्रिस्ती मत पटवण्यात त्यांच्या लिखाणाचा वाटा आहे, रमाबाईंनी तो स्वतः मान्य केलाय. १८९५ साली गोरे मुंबईत वारले. लोक समजतात, धर्मांतर झालं म्हणजे प्रश्न सुटला. गोऱ्यांचं चरित्र वाचताना तसं दिसत नाही. शंका जन्मभर त्यांच्यामागं लागलेल्या. कडक व्रतस्थ, संन्याशासारखा माणूस, पण स्वस्थ नाही. ज्या नरकावर त्यांनी तरुणपणी बोट ठेवलं, त्याच्याच सावलीत ते पुढं जगले, असं मला वाटत राहतं. मला अशा माणसाबद्दल आदर वाटतो. हात धुता धुता दुसऱ्याच्या मुलाला नरकात पाठवणाऱ्यापेक्षा, न झोपणारा हा माणूस मला देवाजवळचा वाटतो.

दुसरा धागा तर थेट आमच्या जिल्ह्यात निघाला. नाशिकला चर्च मिशनरी सोसायटीचं काम १८३२ साली सुरू झालं. ते सुरू करणाऱ्यांत चार्ल्स फरार नावाचे पाद्री होते. त्यांचा मुलगा फ्रेडरिक १८३१ साली मुंबईत जन्मला आणि लहानपणीच विलायतेला गेला. मोठेपणी तो लंडनच्या वेस्टमिन्स्टर अ‍ॅबेमध्ये कॅनन झाला. १८७७ च्या नोव्हेंबरात त्यानं तिथून जी प्रवचनं दिली त्यांनी विलायतेत खळबळ उडवली. न संपणाऱ्या यातनांचा नरक बायबलात आहे असं आपण समजतो, तो पुष्कळसा भाषांतराचा घोळ आहे. मरणानंतरही आशेचं दार बंद झालं असं छातीठोक सांगायचा आपल्याला अधिकार नाही, हा त्याचा सूर. पुढच्या वर्षी ती प्रवचनं पुस्तकरूपानं निघाली. ऑक्सफर्डचे जाडे विद्वान पुसी यांनी त्याला उत्तर म्हणून १८८० साली पुस्तक लिहिलं. त्याच्याही आधी, १८५३ साली, फ्रेडरिक मॉरिस या प्राध्यापकाला याच विषयावरच्या लिखाणापायी लंडनच्या किंग्ज कॉलेजातली जागा गमवावी लागली होती. फरारची नोकरी टिकली, एवढा काळ बदलला होता. (दुसऱ्या महायुद्धातले सेनापती मॉन्टगोमेरी हे या फरारच्या मुलीचे चिरंजीव.)

भाषांतराचा घोळ म्हणजे काय, तर येशूच्या तोंडी बहुतेक ठिकाणी 'गेहेन्ना' हा शब्द आहे. ती जेरुसलेमच्या दक्षिणेची खरीखुरी दरी. तिथं एके काळी राजांनीसुद्धा आपली पोटची पोरं अग्नीत अर्पण केली, आणि यिर्मया संदेष्ट्यानं त्या जागेला शाप दिला. म्हणजे नरकाला ज्या जागेचं नाव मिळालं ती मुलं जाळण्याची जागा होती, आणि देवानं अशी गोष्ट कधी मागितलीच नव्हती असं यिर्मया बजावून सांगतो. आजच्या मराठी बायबलात 'नरक' आणि 'अधोलोक' असे निरनिराळे शब्द आहेत. भजनात आणि उपदेशात मात्र त्यांचं एकच भांडं होतं आणि त्यात गरुडपुराणातलं तेल उकळत असतं.

पण शब्दांच्या खटपटीत माझं मन फार रमलं नाही. मी बँकवाला, मी शुभवर्तमानं हिशेबाच्या वहीसारखी वाचली. नरकाची धमकी दिलीय ती कुणाला, एवढाच रकाना आखला. डोंगरावरच्या प्रवचनात ती आहे भावाला मूर्ख म्हणणाऱ्याला आणि वासनेची नजर टाकणाऱ्याला. दुसरीकडं आहे शास्त्री आणि परूशी यांना, म्हणजे धर्माच्या ठेकेदारांना. लूकच्या गोष्टीत आहे दाराशी पडलेल्या लाजराकडं न पाहणाऱ्या श्रीमंताला. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात आहे भुकेल्याला अन्न आणि तुरुंगातल्याला भेट न देणाऱ्यांना. खचलेल्या, हरलेल्या, जीव नकोसा झालेल्या माणसाचं नाव त्या रकान्यात मला एकदाही सापडलं नाही.

आणि मग मत्तयाचा अठरावा अध्याय. एका राजाचा चाकर. त्याच्याकडं दहा हजार तालांतांचं येणं. एक तालांत म्हणजे सहा हजार दिनार, आणि एक दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. म्हणजे सहा कोटी दिवस. वर्षाचे तीनशे दिवस काम धरलं तर दोन लाख वर्षं. कुठली बँक एवढं कर्ज एका पगारदाराला देईल हा प्रश्न सोडून द्या. राजाला त्याची दया येते आणि तो सगळं सोडून देतो. राईट ऑफ नव्हे, माफी. हा चाकर बाहेर पडतो तो त्याला एक सोबती भेटतो, ज्याच्याकडं त्याचे शंभर दिनार येणे आहेत. सहा लाखांत एक, असं हे प्रमाण. तो त्याचा गळा धरतो आणि त्याला तुरुंगात टाकतो. राजाला कळतं, आणि मग पूर्ण फेड होईपर्यंत यातना देणाऱ्यांच्या हवाली होतो तो हा पहिला चाकर.

'फेड होईपर्यंत' म्हणजे कधीतरी सुटका आहे की कधीच नाही, यावर पंडितांचा वाद आहे. मला त्यापेक्षा दुसरंच टोचलं. या गोष्टीत यातनाघरात जातो तो कर्ज थकलं म्हणून नाही. त्याचं कर्ज तर माफ झालं होतं. तो जातो वसुली केली म्हणून.

त्या रात्री मी चष्मा काढून ठेवला आणि उठून अंगणात गेलो. कायद्यानं बरोबर असलेली ती नोटीस, तिच्यातला एकही शब्द चुकीचा नसणं, सगळं आठवलं. मुलगा एकदा केबिनमध्ये आला होता. "साहेब, दोन महिने द्या" म्हणाला होता. मार्चअखेर होती. मी म्हणालो होतो, माझ्या हातात काही नाही. हे निम्मं खरं होतं. दोन महिने मी शब्द टाकून मिळवू शकलो असतो. मिळवले असते तर काय झालं असतं, कुणी सांगावं? पण मी टाकला नाही. हे मी आजवर कुठल्या कादंबरीत लिहिलं नाही. गार्डसाहेबांना मात्र सांगितलं, त्याच पावसाळ्यात. ते बराच वेळ छत्रीच्या मुठीकडं पाहत राहिले. म्हणाले, "आम्ही रोज प्रार्थनेत ऋण सोड म्हणतो साहेब. पाप नाही म्हणत, ऋण म्हणतो." आणि उठून गेले. चार दिवस आले नाहीत. पाचव्या दिवशी आले.

आता वाचक म्हणतील, मग काय, नरक मोडीत काढायचा? तसं म्हणायची माझी छाती नाही. २००६ साली खैरलांजीत ज्यांची बायको, मुलगी आणि दोन मुलं एका संध्याकाळी मारली गेली, ते भैयालाल भोतमांगे आठवा. खालच्या कोर्टानं दिलेल्या फाशीच्या शिक्षा २०१० साली उच्च न्यायालयानं जन्मठेपेवर आणल्या, आणि पुढच्या न्यायाची वाट बघत ते २०१७ साली वारले. अशा माणसापुढं उभं राहून, शेवटी सगळ्यांचं सगळं मिटतं, असं सांगणं हा दुसरा अपराध होईल. कुठंतरी हिशेब व्हायला हवा, ही तहान खोटी नाही. शेकडो कोटी बुडवून विमानात बसलेल्यांकडं पाहून मलाही तो अग्नी थोडा वेळ तरी पेटता असावा असं वाटलेलं आहे. १८७५ साली पुणे-नगर भागात कुणब्यांनी सावकारांचे रोखे जाळले. त्यानंतर १८७९ साली सरकारनं कायदा केला, की कोर्टानं रोख्यावरचा आकडा पाहून न थांबता रोख्याच्या मागं जावं, मूळ व्यवहार काय झाला, कुणी कुणाला कसं लुबाडलं ते तपासावं. देवाचा न्याय मला मानायचा असेल तर मी तो असा मानीन. रोख्याच्या मागं जाणारा. तो माझी ती निर्दोष नोटीसही उलटून पाहील, आणि त्या मुलाच्या शेवटच्या रात्रीचाही हिशेब पुन्हा मांडेल.

रोमन कॅथलिक चर्चचे नियम गार्डसाहेबांना लागू नाहीत, तरी मी त्यांना मुद्दाम सांगितलं. आत्महत्या करणाऱ्याला चर्चचा दफनविधी नाकारण्याची तरतूद त्यांच्या १९८३ च्या धर्मसंहितेत उरली नाही. १९९२ च्या धर्मशिक्षणाच्या ग्रंथात तर अशा माणसाच्या तारणाविषयी निराश होऊ नये असं स्पष्ट म्हटलंय. आणि नरक म्हणजे जागेपेक्षा माणसानं स्वतःहून देवापासून तुटून राहण्याची अवस्था, असं पोप दुसरे जॉन पॉल १९९९ साली म्हणाले होते. गार्डसाहेबांनी ऐकून घेतलं. म्हणाले, "हे एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून द्या. तिला चष्म्यानंही बारीक दिसत नाही."

मी लिहून दिलं. कागद बाईंनी वाचला की नाही ते विचारलं नाही. देवळात त्या अजून जात नाहीत. पण या ईस्टरला पहाटे दफनभूमीत जायचं म्हणून गार्डसाहेब मला बोलवायला आले, तेव्हा बाई रस्त्यावर उभ्या होत्या. पदराखाली झेंडूची फुलं. आम्ही तिघं अंधारातच निघालो. तिथं दहा-बारा माणसं होती, मेणबत्त्या वाऱ्यानं विझत होत्या, पोरं त्या पुन्हा लावत होती. बाईंनी थडग्यावरची माती हातानं सारखी केली आणि अर्धी फुलं माझ्या हातात दिली. "भाऊ, तुम्हीपण ठेवा," म्हणाल्या. मी ठेवली.

उजाडत आलं तसा मनमाडकडून येणाऱ्या गाडीचा भोंगा ऐकू आला. गार्डसाहेबांनी सवयीनं घड्याळात पाहिलं. "अकरा मिनिटं लेट," ते म्हणाले.